महापालिकेची नोकरी, आठ वर्षं हातात: पेन्शनचा हिशेब आणि आजारपणाची सोय

पत्र: सप्रेम नमस्कार. मी एका ‘ड’ वर्ग महापालिकेत कनिष्ठ अभियंता आहे. २०१० मध्ये रुजू झालो, आता वय ५०, निवृत्ती ५८व्या वर्षी. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ८०,००० रुपये होतात. एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजना) खात्यात २७ लाख दिसतात. परवा पहिल्यांदाच सुरुवातीपासूनचं विवरणपत्र काढलं. २०१४-१५ मधल्या १४ महिन्यांत माझी कपात जमा आहे, पण महापालिकेचा हिस्सा शून्य. लेखा विभागात विचारलं तर ‘जुनं प्रकरण आहे, बघू’ असं उत्तर मिळालं. मला निवृत्तीनंतर पेन्शन किती मिळेल? सध्या ५ लाखांचा गट आरोग्य विमा आहे, तो पुढे चालतो का? मला चार वर्षांपासून मधुमेह आहे. पत्नी गृहिणी, मुलगा बारावीत, आई ७२ वर्षांची. मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी एनपीएसमधून पैसे काढावेत का? आणि एक एजंट दरसाल १ लाखाची ‘गॅरंटीड पेन्शन’ पॉलिसी घ्या म्हणून मागे लागला आहे, ती घ्यावी का?
— एक महापालिका कर्मचारी

उत्तर: नमस्कार. तुम्ही विवरणपत्र मुळापासून काढून बघितलंत, ते फार चांगलं केलंत. एनपीएस म्हटलं की शेअर बाजाराची चर्चा सुरू होते. पण सरकारी क्षेत्राच्या ठरावीक योजनेत शेअरमध्ये मर्यादित रक्कमच जाते, बाकीची मुख्यतः रोख्यांत असते. महापालिका कर्मचाऱ्यांचं खरं नुकसान होतं ते न भरलेल्या आणि उशिरा भरलेल्या महिन्यांत. त्यामुळे आधी त्या १४ महिन्यांचं बघू, मग पेन्शन आणि विमा.

१४ महिने कुठे गेले

पगारातून कापलेली रक्कम तुमच्या प्रान क्रमांकावर (एनपीएसचा कायम खाते क्रमांक) पोहोचेपर्यंत तिला तीन टप्पे पार करावे लागतात. आहरण व संवितरण अधिकारी (पगाराची देयकं काढणारे) कपातीची यादी तयार करतात. लेखा विभाग प्रत्येकाचा प्रान क्रमांक, त्याचा हिस्सा आणि महापालिकेचा हिस्सा अशी फाइल एनपीएस खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय अभिलेख संस्थेच्या प्रणालीत चढवतो. त्या फाइलला एक व्यवहार क्रमांक मिळतो, तो घालून तेवढीच रक्कम विश्वस्त बँकेला पाठवायची असते. फाइल आणि रक्कम पैशापर्यंत जुळली तरच युनिट्स खात्यात पडतात. रक्कम कमी गेली, व्यवहार क्रमांक चुकला किंवा प्रानचा एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर जुळणी होत नाही आणि पैसे परत जातात. परत आलेले पैसे महापालिकेच्या खात्यात पडून राहतात आणि पुढच्या लेखापरीक्षणापर्यंत कुणी त्यांच्याकडे बघत नाही.

तुमच्या बाबतीत तुमचा हिस्सा पोहोचला आणि महापालिकेचा पोहोचला नाही. याचा बहुधा अर्थ असा, की त्या काळात मनपा निधीतून हिस्सा वर्गच झाला नाही. तिजोरीत खडखडाट असला की आधी पगार निघतो आणि हिस्सा मागे राहतो.

नुकसान किती? तेव्हा तुमची कपात दरमहा ३,३०० होती असं धरू. महापालिकेचा हिस्साही तेव्हा १० टक्केच, म्हणजे तेवढाच. १४ महिन्यांचे झाले ४६,२००. आकडा छोटा दिसतो. पण ८ टक्के वाढ धरली तर निवृत्तीपर्यंतच्या १९ वर्षांत त्याचे जवळपास २ लाख झाले असते. म्हणून नुसती मुद्दल मागून थांबू नका, विलंबाच्या काळाचं व्याजही मागा. निदान भविष्य निर्वाह निधीच्या दराने तरी द्या, असं अर्जात स्पष्ट लिहा.

आता वही घ्या आणि पाच रकाने आखा: पगाराचा महिना, पे स्लिपवरची कपात, विवरणपत्रातला तुमचा हिस्सा, महापालिकेचा हिस्सा आणि खात्यात पडल्याची तारीख. शेवटचा रकाना सोडू नका. विवरणपत्रात प्रत्येक नोंदीसमोर ती कोणत्या महिन्याची आहे हे लिहिलेलं असतं आणि युनिट्स पडल्याची तारीख वेगळी असते. या दोहोंत सहा-आठ महिन्यांचं अंतर सापडलं तर तोही उशीरच, फक्त शून्यासारखा डोळ्यात भरत नाही. रुजू झाल्यापासून प्रान मिळेपर्यंतचा काळ वेगळा तपासा. तेव्हा एनपीएसच्या आधीच्या परिभाषित अंशदान योजनेची कपात महापालिकेच्या स्वतःच्या खात्यात जमा होत असे. ती व्याजासह पुढे प्रानमध्ये वर्ग झाली की नाही, हे बऱ्याच जणांनी आजवर पाहिलेलं नाही.

जुन्या पे स्लिप सापडल्या नाहीत तर आस्थापना विभागाकडून त्या महिन्यांच्या वेतन देयकाच्या प्रमाणित प्रती घ्या. बँकेचं पासबुक पुरावा म्हणून चालत नाही, त्यात हातात पडलेला निव्वळ पगार दिसतो, कपात दिसत नाही.

तक्ता तयार झाला की अर्ज आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना द्या आणि दोन्हीवर आवक क्रमांक घ्या. तोंडी विचारलं की ‘बघू’ हेच उत्तर मिळणार, आवक क्रमांक पडला की टेबलावर फाइल उघडावी लागते. महिनाभरात हालचाल झाली नाही तर एनपीएसच्या लॉगिनमधून तुमच्या कार्यालयाविरुद्ध तक्रार नोंदवा. तिला टोकन क्रमांक मिळतो. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर ती एनपीएस ट्रस्टकडे आणि त्यापुढे लोकपालाकडे नेता येते.

त्याच सुमारास माहिती अधिकाराचा अर्जही टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, नाहीतर तेवढ्याच कारणावर परत येतो. ‘माझा हिस्सा का भरला नाही’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. या १४ महिन्यांत महापालिकेचा हिस्सा वर्ग केल्याच्या चलनांच्या आणि व्यवहार क्रमांकांच्या प्रती द्या, अशी कागदांची मागणी करा. चलन नाही असं लेखी आलं, की तुमचा मुद्दा सिद्ध झाला.

हेच १४ महिने तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचेही शून्य असणार. दहा-बारा जणांनी आपापले तक्ते जोडून एकत्र अर्ज केला तर तो अर्थसंकल्पात तरतूद मागण्याचा विषय होतो, आणि थकीत हिस्सा प्रत्यक्षात निघतो तो तरतूद झाल्यावरच.

आणखी एक आकडा बघा. राज्य शासनाने १ एप्रिल २०१९ पासून आपला हिस्सा १० वरून १४ टक्के केला. महापालिकेला तो ठराव करून लागू करावा लागतो. तुमच्या खात्यात दरमहा ११,२०० पडतात की ८,०००? ८,००० पडत असतील तर महिन्याला ३,२०० कमी येतात. उरलेल्या आठ वर्षांत ८ टक्के वाढीने हीच तफावत सव्वाचार लाखांच्या वर जाते. इथे तुमच्या एकट्याच्या अर्जाने काम होणार नाही, ठरावासाठी संघटनेलाच पाठपुरावा करावा लागेल.

पेन्शन किती

१४ टक्के हिस्सा मिळतोय असं धरतो. तुमचे ८,००० आणि महापालिकेचे ११,२०० मिळून दरमहा १९,२००. पगारवाढ मुद्दाम धरलेली नाही. ८ टक्के वाढीने आजचे २७ लाख आठ वर्षांत साधारण ५१ लाख होतात आणि नव्या वर्गणीचे २५ लाख ७० हजार. एकूण ७७ लाखांच्या आसपास. ८ टक्के हा अंदाज आहे, हमी नाही.

निवृत्तीच्या वेळी सरकारी क्षेत्रातल्या सदस्याला यातले किमान ४० टक्के वार्षिकी (विमा कंपनीकडून मिळणारी नियमित पेन्शन) विकत घेण्यासाठी द्यावे लागतात. ६० टक्क्यांपर्यंत रोख मिळतात आणि त्यावर कर नाही. ४० टक्के म्हणजे ३० लाख ८० हजार. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षाला २ लाख, महिन्याला सुमारे १६,७०० रुपये. हीच तुमची पेन्शन, आणि ती करपात्र असते. नेहमीच्या वार्षिकीला महागाई भत्ता नसतो, आकडा आयुष्यभर तोच राहतो. महागाई ६ टक्के धरली तर निवृत्तीच्या दिवशीच या १६,७०० ची किंमत आजच्या साडेदहा हजारांएवढी असेल. हे स्पष्ट लिहितो, कारण ‘७७ लाख’ ऐकून अनेकांना निश्चिंत वाटतं आणि रोख मिळालेल्या पैशांतून घराचा मजला चढतो. रोख मिळणाऱ्या त्या ६० टक्क्यांवरच, म्हणजे सुमारे ४६ लाखांवर, तुमचं घर चालायचं आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० होतात. दर शासन वेळोवेळी ठरवतं, तेव्हा खातं उघडताना जो असेल तो पाच वर्षांसाठी कायम. तुम्ही ५८व्या वर्षी निवृत्त होणार आणि योजनेत किमान वय ६० लागतं. पण नियत वयोमानाने निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही खातं उघडता येतं. अट अशी, की निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचं आणि लाभाच्या रकमेपेक्षा जास्त ठेवायचं नाही. लाभ दिल्याचं महापालिकेचं पत्र सोबत लागतं. ते मागायला उशीर झाला आणि तीन महिने उलटले, तर ६० पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.

वार्षिकी निवडताना चार-पाच पर्याय पुढे येतात. फक्त तुमच्या हयातीपुरता पर्याय घेतला तर महिन्याचा आकडा सर्वांत मोठा दिसतो आणि मोह होतो. तुमच्या पत्नीला स्वतःचं उत्पन्न नाही. तुमच्या पश्चात पत्नीला तहहयात पेन्शन आणि तिच्या पश्चात मूळ रक्कम वारसाला, हाच पर्याय घ्या. वार्षिकीचा करार सुरुवातीचा फेरविचाराचा काळ उलटला की बदलता येत नाही.

राज्याने २०२४ मध्ये सुधारित राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजना जाहीर केली. तीत ठरावीक सेवेनंतर शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शन आणि त्यावर महागाई वाढ आहे. २०३४ मध्ये तुमची २४ वर्षं सेवा होईल, तेव्हा तुमच्यासाठी हा फार मोठा फरक आहे. पण राज्याचा निर्णय महापालिकेला आपोआप लागू होत नाही, महासभेचा किंवा प्रशासकांचा ठराव लागतो. तुमच्याकडे ठराव झाला आहे का, विकल्प भरून घेतले का आणि त्याची अंतिम तारीख कोणती, हे याच आठवड्यात आस्थापनेत लेखी विचारा. विकल्पाची मुदत एका परिपत्रकात निघून जाते, साइटवर काम करणाऱ्यांपर्यंत ते पोहोचतच नाही.

त्याचबरोबर दुसरी चौकशी करा. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या राज्य कर्मचाऱ्यांना सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तीवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळू लागलं. तुमच्या महापालिकेने तो स्वीकारला असेल तर विकल्पाचा नमुना भरून त्याची नोंद सेवापुस्तकात झाली की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उद्या काही विपरीत घडलं तर पत्नीला दरमहा कुटुंब निवृत्तीवेतन मिळणार की फक्त खात्यातली शिल्लक, हे त्या एका पानावर ठरतं.

वारस नोंदही आजच उघडून बघा. एनपीएसमध्ये लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरतं. अनेकांच्या खात्यात अजून आई-वडिलांचीच नावं आहेत. कायद्याने त्या नोंदीला अर्थ नाही आणि घरच्यांना वारस दाखल्यासाठी चकरा माराव्या लागतात.

ग्रॅच्युइटी या सगळ्यापेक्षा वेगळी, ती एनपीएसमधून येत नाही. ग्रॅच्युइटी कायद्याच्या सूत्राने शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ८०,००० वर २४ वर्षांचे ११ लाख ७ हजार होतात. राज्याच्या निवृत्तीवेतन नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांना पाव महिन्याचं वेतन धरलं तर ९ लाख ६० हजार. कायद्याखाली वरची मर्यादा २० लाख, तुम्ही तिच्या आत आहात. महापालिका कर्मचाऱ्यांना कायद्याच्या ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात १९९८ मध्येच मान्य केलं आहे. तरी काही ठिकाणी सवयीने कमी रकमेचं सूत्र लावतात, म्हणून आकडा स्वतः मांडून ठेवा.

कराच्या बाबतीत एक बारकावा आहे. स्थानिक प्राधिकरणाचे कर्मचारी म्हणून तुमची ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त असते. अर्जित रजेच्या रोखीकरणाला मात्र संपूर्ण सूट फक्त केंद्र आणि राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना आहे. तुम्हाला २५ लाखांची मर्यादा आणि सरासरी पगाराचे निकष लागतात. निवृत्तीच्या वर्षाच्या करकपात दाखल्यात (फॉर्म सोळा) या दोन रकमांची सरमिसळ होते, तपासून घ्या.

आजारपणाची सोय

गट विमा हा महापालिका आणि विमा कंपनी यांच्यातला एका वर्षाचा करार असतो. तुमच्या हातात असतं ते फक्त कार्ड. निविदा लांबली, प्रीमियमवरून वाद झाला की संरक्षण थांबतं. मुंबई महापालिकेत २०१५ मध्ये सुरू झालेली गट विमा योजना २०१७ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो घरांना हा अनुभव आला. काही महापालिका विम्याऐवजी स्वतःची योजना चालवतात. पुणे महापालिकेची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना निवृत्तांनाही घेते. तुमच्याकडे निवृत्तांसाठी तरतूद आहे का, आणि असली तर निवृत्तीच्या वेळी वेगळा अर्ज करून वर्गणी भरावी लागते का, ते विचारा. सर्वसाधारण गट विमा मात्र नोकरीच्या शेवटच्या दिवशी किंवा पॉलिसीचं वर्ष संपताच संपतो, म्हणजे नेमका ५८व्या वर्षी, मधुमेह बारा वर्षांचा झालेला असताना.

त्यामुळे पती-पत्नीच्या नावे स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या. गट विमा चालू असताना दुहेरी खर्च कशाला, असं वाटेल. कारण प्रतीक्षा काळ. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत दावा नाकारू शकते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक आजारांनाही तेवढाच काळ लागू शकतो. आज घेतली तर हा काळ ५३व्या वर्षी संपेल आणि त्या तीन वर्षांत गट विमा तुम्हाला सांभाळेल. पॉलिसीला सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला ‘तुम्ही माहिती दडवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. तेव्हा तुम्ही ५५ चे असाल. हीच पॉलिसी ५८व्या वर्षी घ्यायला गेलात तर प्रीमियम जास्त, वैद्यकीय तपासणी कडक, आणि गरजेची पहिली तीन वर्षं उघडी.

मधुमेह अर्जात लिहा. कधीपासून, कोणती गोळी, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती, सगळं लिहा. ‘लिहू नका, प्रीमियम वाढेल’ असं सांगणाऱ्या एजंटकडून पॉलिसी घेऊ नका. पॉलिसी हातात आली की त्या पानावर मधुमेहाची नोंद झाली आहे का ते बघा. नसेल तर ३० दिवसांच्या फेरविचार काळात दुरुस्त करून घ्या किंवा परत करा.

रचना अशी सुचवतो: ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर २० लाखांचा सुपर टॉप-अप, ५ लाखांच्या वजावटीचा. वर्षभरातला रुग्णालयाचा खर्च ५ लाखांच्या वर गेला की सुपर टॉप-अप सुरू होतो. पहिले ५ लाख गट विम्याने दिले काय किंवा तुमच्या पॉलिसीने, त्याला फरक पडत नाही. साधा टॉप-अप घेऊ नका, तो प्रत्येक दाखल होण्यामागे वेगळी वजावट धरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, कोटेशनमध्ये तो लावलेला दिसला तर विचारा.

पॉलिसी निवडताना खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्या, प्रीमियम थोडा जास्त पडला तरी. सध्याच्या गट विम्यातली मर्यादाही आजच वाचून ठेवा. समजा खोलीला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० मंजूर आहेत आणि तुम्ही ८,००० ची खोली चार दिवस घेतलीत. खोलीचे ३२,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंगचे १,६०,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे ८०,०००. तुम्हाला वाटतं, खोलीचे वरचे १२,००० आपण भरू. प्रत्यक्षात डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात, आठातले पाच भाग, मंजूर होतो, म्हणजे १ लाख. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात करता येत नाही, ते ८०,००० पूर्ण मिळतात. २,७२,००० च्या बिलातले २ लाख मंजूर, ७२,००० खिशातून. ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलत नाहीत तिथे ही कपात लावता येत नाही. टीपीएने (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) तरीही लावली तर रुग्णालयाचं तसं पत्र जोडून हरकत घ्या.

एकच खर्च दोन पॉलिसींतून मागायची वेळ आली तर मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे जातात आणि दुसरीकडे लोक अडकतात. डिस्चार्जच्या दिवशीच रुग्णालयाकडून सगळ्या कागदांच्या शिक्कामारल्या प्रती घ्या आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट पत्र मागा. या दोन गोष्टींवर दुसरा दावा पुढे जातो. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा. समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, शुल्क नाही, वकील लागत नाही.

निवृत्तीच्या वेळी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्गही असतो, त्यात गट विम्यातल्या वर्षांचं श्रेय मिळतं. पण अर्ज गट विमा संपायच्या आधीच, कंपनीने दिलेल्या मुदतीत हवा. तो मार्ग राखीव ठेवा, त्यावर विसंबून राहू नका. महापालिकेने मधल्या काळात कंपनी बदलली की हिशेब गुंतागुंतीचा होतो.

आईंसाठी नवी पॉलिसी शोधत बसू नका. ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. आधार आणि मोबाइल घेऊन ई-केवायसी केली की कार्ड निघतं. आधारवरची जन्मतारीख आधी तपासा, नुसतं साल असेल किंवा ते चुकीचं असेल तर तिथेच अडतं. योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांना आहे, महिन्याच्या गोळ्यांना नाही. घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे आणि तिथे कोणते विभाग सुरू आहेत, हे निवांत असताना जाऊन विचारून या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना आहे. त्यासाठी शिधापत्रिकेत घरातल्या सर्वांची नावं हवीत.

मुलाचं शिक्षण आणि तो एजंट

मुलांच्या उच्च शिक्षणासाठी एनपीएसमधून काढता येतात, पण फक्त तुमच्या स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत. महापालिकेचा हिस्सा आणि वाढ त्यात धरत नाहीत. तुमची आजवरची वर्गणी ९ लाख असेल तर हातात येतील सव्वादोन लाख. तेच सव्वादोन लाख निवृत्तीपर्यंत खात्यात राहिले तर सव्वाचार लाख होतात. मुलगा कमावता झाल्यावर शैक्षणिक कर्ज फेडू शकतो. तुमच्या म्हातारपणासाठी मात्र कोणतीही बँक कर्ज देणार नाही. कर्ज घ्या.

एजंटची पॉलिसी घेऊ नका. अशा पॉलिसीत पहिल्या दोन-तीन वर्षांत सोडलं तर भरलेल्यातलं बरंच बुडतं, आणि ‘गॅरंटीड’ आकडा दरसाल किती टक्के पडतो हे काढायला सांगितलं की तो बहुतेक वेळा साध्या सरकारी ठेवींच्या जवळपास किंवा खालीच निघतो. त्या १ लाखातून आधी आरोग्य विम्याचे दोन्ही प्रीमियम भरा. जुन्या करपद्धतीत असाल तर त्यावर स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी २५,००० पर्यंत वजावट मिळते. उरलेलं स्वेच्छेने टियर एकमध्ये (एनपीएसचं मुख्य निवृत्ती खातं) टाकलंत तर जुन्या पद्धतीत ५०,००० पर्यंतची वेगळी वजावट आहे. नव्या करपद्धतीत या दोन्ही नाहीत, तिथे फक्त महापालिकेच्या हिश्श्याची वजावट मिळते. तुम्ही नव्या पद्धतीत असाल तर जास्तीची बचत टियर एकमध्ये अडकवण्यापेक्षा बाहेर, पीपीएफसारख्या ठिकाणी ठेवा. तिथल्या रकमेतून ४० टक्क्यांची वार्षिकी घेण्याची सक्ती नाही.

पाच रकान्यांचा तक्ता या रविवारी करा. सोमवारी अर्ज आवक-जावकमध्ये द्या आणि त्याच फेरीत आस्थापनेत विकल्पाच्या मुदतीचं विचारून या.